मोठेबाबांची ‘विक्रांत’ भंगारात काढावी का?

पांदणरस्ता (धागाकर्ता)

राम राम मंडळी. मी दारव्हा तालुक्यातला. प्रश्न छोटा आहे, पण आधीचं सांगितल्याशिवाय कळायचा नाही.

सोमवारी सकाळी भंगारवाला आला. कोठ्यात ढेपेच्या पोत्यांमागं आमची व्ही-१५ मोटरसायकल तीन वर्षांपासून उभी आहे. चेन-स्प्रॉकेट गेलेलं, बॅटरी मेलेली, सीटवर कोंबड्या बसतात. त्यानं चाकाला लाथ मारून पाहिली आणि किलोचा भाव सांगितला. मी ‘ने बावा’ म्हणणारच होतो, तर आई चुलीपासून उठून बाहेर आली. “मोठेबाबाची विक्रांत आहे ते. इकाची नाई.” भंगारवाला हसला अन् पुढच्या घरी गेला.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आमच्या गावापासून पाचशे किलोमीटरच्या आत समुद्र नाही. भरती होण्याआधी त्यांनी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे अडाण नदीचा पूर. तरी हा माणूस नौदलात गेला, स्टोकर, म्हणजे जहाजाची भट्टी सांभाळणारा, झाला आणि १९७१च्या युद्धात, डिसेंबरात, आयएनएस विक्रांत या विमानवाहू नौकेच्या बॉयलर रूममध्ये होता. आम्ही पोरं विचारायचो, लढाई कशी दिसते? ते म्हणायचे, “आमाले काय दिसे! आमी खाली भट्टीपाशी. वरतून धाडकन आवाज आला का समजाचं, गेलं एक इमान. आन वाफेचा काटा खाली आला का पुन्हा वाफ भराची.”

जहाज तोडायला घेतल्याची बातमी २०१४ साली टीव्हीवर आली, तेव्हा त्यांनी उठून टीव्ही बंद केला. काही बोलले नाहीत. २०१६ मध्ये बजाजनं जाहीर केलं की विक्रांतचं लोखंड विकत घेऊन व्ही-१५ या नव्या गाडीत वापरलंय. साठी ओलांडलेल्या माणसानं पेन्शनमधून यवतमाळहून गाडी आणली. चालवायचे कमी, पुसायचेच जास्त. पेट्रोलच्या टाकीवरून दुपट्टा असा फिरवायचे, जसा बैलाच्या पाठीवरून फिरवतात. २०१९ला गेले.

तर प्रश्न दोन. गाडीचं काय करू? आणि हे जहाज खरंच वाचवता आलं नसतं का?

तिफण

भाऊ, इकून टाक. लोखंड ते लोखंड. घरच्या माणसाची आठवण मनात राह्यते, कोठ्यात नाई. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मले माईत नाई आन मले त्याचं काही घेनंदेनंही नाई.

खारा_वारा

पांदणरस्ता, तुमचे मोठेबाबा सांगत होते ते अगदी खरं आहे. मीही नौदलातच होतो, त्यांच्या बऱ्याच नंतरच्या तुकडीतला. आता हिंगणघाटजवळ शेती पाहतो.

‘धाडकन’ आवाज म्हणजे कॅटापल्टचा. विक्रांतच्या डेकवर वाफेवर चालणारी गोफण होती म्हणा ना. विमानाला हिसका देऊन हवेत फेकायची आणि तिची वाफ खालच्या बॉयलरमधूनच यायची. त्यात ७१ साली एका बॉयलरला तडे गेलेले होते, त्यामुळे जहाजाचा वेग मर्यादित ठेवावा लागला. आता विमान उडवायला डेकवरून समोरून वारा लागतो. जहाज जोरात पळालं की तो आपोआप मिळतो. वेगही नाही आणि समुद्रावर वाराही पडलेला, म्हटल्यावर एकेक उड्डाण म्हणजे परीक्षा. तसल्या अवस्थेत ४ डिसेंबरपासून सी हॉक विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले. विक्रांतला शोधत आलेली पाकिस्तानची गाझी पाणबुडी त्याच्या आदल्याच रात्री विशाखापट्टणमसमोर बुडाली. या जहाजावरच्या लोकांना २ महावीरचक्रं आणि १२ वीरचक्रं मिळाली. उडणाऱ्यांची नावं लोकांना ठाऊक आहेत. वाफ भरणाऱ्यांची कोणाला नसतात, म्हणून तुमचा धागा वाचून बरं वाटलं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लांबलचक आहे. रात्री लिहितो, आता ओलीत सुरू आहे आणि लाइन कधी जाईल सांगता येत नाही.

वर्धेची_लेक

मी त्या जहाजावर चढलेली आहे! शाळेची सहल होती, सेवाग्राम एक्स्प्रेसनं गेलो होतो. २००१पासून विक्रांत संग्रहालय म्हणून उघडं होतं ना, तेव्हाची गोष्ट. मला आठवते ती उंची. लाँच जवळ गेली तेव्हा वर पाहता पाहता माझ्या मैत्रिणीची टोपी पाण्यात पडली. आतमध्ये विमानं ठेवायची जागा इतकी मोठी की आमची पूर्ण शाळा, प्रार्थनेच्या रांगांसकट, तिच्यात मावली असती. आणि वास. डिझेल, रंग आणि दमट लोखंड. आमच्या मास्तरांनी भिंतीला हात लावला तर बोटांना तांबडा गंज लागला. त्यांनी तो रुमालाला पुसला आणि आम्हाला म्हणाले, पुढे चला.

२०१२ मध्ये सुरक्षेच्या कारणावरून ते बंद केलं. मास्तरांच्या रुमालावरचा तो गंज पाहिलेला, त्यामुळे मला आश्चर्य नाही वाटलं.

खारा_वारा

आलो. लाइन गेलीच.

ताईंच्या मास्तरांनी बोटानं जे पाहिलं तोच मुद्दा आहे. लोकांना वाटतं, जहाज निवृत्त झालं की बांधून ठेवायचं आणि तिकीट लावायचं. पण बंदरात उभं जहाज चालत्या जहाजापेक्षा लवकर कुजतं. आपल्या विहिरीवरची मोटर सहा महिने बंद ठेवून पाहा, तसंच. खारं पाणी तळाचा पत्रा खात राहतं. पत्र्याऐवजी आधी खाल्ले जावेत म्हणून जस्ताचे ठोकळे लावतात, तेही बदलावे लागतात. दर काही वर्षांनी जहाज सुक्या (पाणी उपसलेल्या) गोदीत घेऊन तळ खरवडायचा, झिजलेले पत्रे कापून नवे जोडायचे, रंग द्यायचा. विक्रांत २१३ मीटर लांब. एवढ्यासाठी गोदी मिळायलाच रांग, कारण तिथं चालत्या युद्धनौका वाट पाहत उभ्या असतात.

आणि हे जहाज मुळात किती जुनं! बांधायला घेतलं १९४३ मध्ये, इंग्रजांसाठी, हर्क्युलिस नावानं. १९४५ मध्ये पाण्यात उतरलं, पण युद्ध संपलं आणि ते अर्धवटच राहिलं. भारतानं १९५७ मध्ये विकत घेऊन बेलफास्टला पूर्ण करून घेतलं. ४ मार्च १९६१ला विजयालक्ष्मी पंडितांच्या हस्ते नौदलात दाखल झालं आणि ३१ जानेवारी १९९७ला निवृत्त. म्हणजे संग्रहालय झालं तेव्हा तळाचं लोखंड पन्नाशी ओलांडलेलं होतं.

तिफण

म्हंजे मी म्हणत होतो तेच. इथं कापसाच्या भावासाठी रस्त्यावर उतरा लागते, आन मुंबईच्या पान्यात गंजनाऱ्या जहाजाले सरकारनं कोट्यानं पैसे देवाचे? कोन्या आमदारानं देल्ले असते तर मीच पयले शिव्या देल्ल्या असत्या.

वर्धेची_लेक

तिफण भाऊ, तुमचं म्हणणं चुकीचं नाही हो. पण मग ते पैसे कापसाला आले का? जहाज तोडल्यानंतर आपल्याकडं क्विंटलमागं काही वाढवून मिळाल्याचं मला तरी आठवत नाही.

तिफण

हे मातर खरं.

गुरुजी_निवृत्त

मी सगळा घटनाक्रम वर्गात शिकवल्यासारखा सांगतो, सवय जात नाही.

विक्रांत सांभाळायला राज्य शासनाला खाजगी भागीदार हवा होता, तो मिळाला नाही. मग शासनानं आर्थिक कारणानं असमर्थता दाखवली आणि केंद्रानं जहाज लिलावात काढलं. हे थांबवावं म्हणून जनहित याचिका झाली, मुंबई उच्च न्यायालयानं ती जानेवारी २०१४ मध्ये फेटाळली. मुंबईच्याच दारूखान्यातल्या जहाजतोड व्यावसायिकाची बोली होती सुमारे ६० कोटींची. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, काही महिने ‘जैसे थे’ राहिलं आणि ऑगस्टमध्ये तिथंही याचिका फेटाळली गेली. नोव्हेंबरात गॅस कटर चालू झाले.

पण मला जास्त लागतं ते विराटचं. विराट म्हणजे इंग्रजांची हर्मिस, १९८२च्या फॉकलंड युद्धातली त्यांची मुख्य नौका. आपल्याकडं १९८७ पासून ३० वर्षं राबली, मार्च २०१७ मध्ये निवृत्त झाली. विक्रांतचा अनुभव ताजा होता, सगळ्यांना चूक ठाऊक होती. २०१८ मध्ये आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळानं सिंधुदुर्गात निवतीजवळ तिचं संग्रहालय करायला ८५२ कोटींची योजना मंजूरही केली! पेपरात वाचून मी पेढे आणले होते, बायको म्हणाली तुमचं काय नातं? आणि २०१९ मध्ये संसदेत सांगितलं गेलं की जहाज भंगारात जाणार. लिलावात किंमत आली ३८ कोटी ५४ लाख. सप्टेंबर २०२०मध्ये ओढत गुजरातेत अलंगला, जहाजं तोडतात तिथं, नेलं.

त्यानंतर एक कंपनी उभी राहिली. म्हणाली, आम्ही तोडणाऱ्याकडून विकत घेतो आणि गोव्यात संग्रहालय करतो. मालकानं शंभर कोटी मागितले आणि संरक्षण खात्याचं ना-हरकत पत्र आणा म्हणाला. ते पत्र मिळालं नाही. फेब्रुवारी २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तोडकामाला स्थगिती दिली तेव्हा मला पुन्हा आशा वाटली. एप्रिलमध्ये ती उठली. सुमारे ४० टक्के जहाज तोडून झालं होतं, भावना समजते पण तुम्ही फार उशिरा आलात, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय. खंडपीठाच्या अध्यक्षस्थानी सरन्यायाधीश शरद बोबडे होते, आपल्या नागपूरचे. मी त्यांना दोष देत नाही. चाळीस टक्के कापलेला बैल कोण जिवंत करणार?

पांदणरस्ता

गुरुजी, हे वाचून मला आपली शकुंतला रेल्वे आठवली. आमच्या दारव्ह्यावरून जायची, मूर्तिजापूर-यवतमाळ. मँचेस्टरचं १९२१चं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत ओढत होतं. तिच्यासाठीही लोकांनी सत्याग्रह केले, निवेदनं दिली. पण गाडी चालू होती तेव्हा आम्ही काय करत होतो? एस.टी.नं जात होतो. मोठेबाबा सुट्टीवर यायचे तेव्हा मात्र मुद्दाम मूर्तिजापूरला उतरून शकुंतलेनंच यायचे. वाफेच्या माणसाला वाफेची गाडी.

जंगलवाट

चंद्रपूरवरून लिहितोय. एक वाचवलेलं जहाजही सांगतो, नाहीतर हा धागा नुसता तेराव्याचा होईल.

एचएमएस ट्रिंकोमाली. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागवानात बांधलेली, १८१७ मध्ये पाण्यात उतरलेली. (सागवान मलबारचं होतं, आपल्या आलापल्लीचं नाही. सागवान म्हटलं की आमच्याकडचे लोक छाती फुगवतात, म्हणून आधीच सांगितलं.) १८९७ मध्ये इंग्रजांच्या नौदलानं ती तोडणाऱ्याला विकली. एका माणसानं, व्हीटली कॉब नावाच्या, ती तोडणाऱ्याकडून परत घेतली आणि पोरांना शिकवायची नौका केली. आज ती इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आहे, पाण्यावर, दोनशे वर्षांनंतर.

पण तिच्याच शेजारी अनेक वर्षं उभी असलेली इम्प्लॅकेबल, ट्रॅफल्गरच्या लढाईत फ्रेंचांकडून लढलेली, डिसेंबर १९४९ मध्ये इंग्रजांनी स्वतः समुद्रात नेऊन बुडवली. दुरुस्तीला पैसे नाहीत म्हणून. वर दोन्ही देशांचे झेंडे लावून. म्हणजे पैशाचं रडगाणं आपल्याकडंच आहे असं नाही.

खारा_वारा

जंगलवाट, सागवान आणि पोलाद यांत फरक आहे. लाकडाची फळी सुतार बदलतो.

पोलादी जहाजांत मला अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना या युद्धनौकेची गोष्ट आवडते. १९५८ मध्ये भंगारात काढायचं ठरलं. त्या राज्यातल्या लोकांनी ३ लाख ३० हजार डॉलर उभे केले आणि त्यात तिथल्या शाळकरी पोरांनी आपली चिल्लर टाकली, जवळपास ७ लाख पोरांनी. १९६२ मध्ये जहाज लोकांसाठी खुलं झालं, अजून आहे. बघा, तिथं कोर्टकचेरीच्या आधी डबा फिरला. आपल्याकडं जाग आली ती लिलावाची नोटीस निघाल्यावर.

तरी वाचवलं म्हणजे सुटलं असं नसतं. टेक्सास नावाची युद्धनौका १९४८ पासून संग्रहालय आहे. तळातून इतकं पाणी यायला लागलं की पंप बंद करायची सोय नव्हती. शेवटी २०२२ मध्ये ओढून गोदीत न्यावी लागली. एकदा वाचवायचं आणि मग दरवर्षी पुन्हा वाचवायचं, असं ते काम.

म्हणून विशाखापट्टणमचा मार्ग मला शहाणपणाचा वाटतो. कुरसुरा पाणबुडी पाण्याबाहेर ओढून किनाऱ्यावर ठेवली, २००२ पासून लोक आतून फिरतात. पण ती पाणबुडी, विक्रांतच्या निम्म्याहून कमी लांबीची. विक्रांत वाळूवर ओढायला कोण येणार! आता निवतीजवळ गुलदार नावाचं निवृत्त जहाज समुद्रतळाशी ठेवून पाण्याखालचं संग्रहालय करायचं घेतलंय. आकारानं लहान, झेपेल असं. विराटच्या जागेवरच, हे लक्षात आलं का गुरुजी?

गुरुजी_निवृत्त

आलं. पेढे आणले नाहीत यावेळी.

पऱ्हाटी

मधेच विचारतो, धाग्याचा मूळ प्रश्न मोटरसायकलचा होता ना?

कारंजा_गॅरेज

हाव, मी तेच पाहून रायलो. सगळे समुद्रात गेले, गाडी कोठ्यातच.

पांदणरस्ता भाऊ, ऐका. पूर्ण गाडी ठेवून फायदा नाई. रबर, वायरिंग, कार्बोरेटर, सगळं गेलं असन. कंपनीनं तवा सांगतलं होतं का विक्रांतचं लोखंड टाकीत आहे. मंग टाकी काढून ठेवा, बाकी द्या. पन तशीच भंगारवाल्याले देऊ नका. आरटीओत आरसी (गाडीची नोंदणी) रद्द करा, चेसिस नंबरचा तुकडा कापून जमा करा लागते. नाईतर उद्या त्या नंबरची गाडी कोठी सापडली तर पोलीस तुमच्या दारात.

टाकी उतरवाच्या आंधी पेट्रोल पूर्ण काढा. जुनं पेट्रोल डिंकासारखं होते. आतून टॉर्च मारून पाहा. तांबडं दिसलं तर बारीक नट-बोल्ट आन थोडं डिझेल टाकून हालवा, गंज सुटते.

तिफण

टाकी शाळेत द्या. २६ जानेवारीले टेबलावर ठेवा, मोठेबाबाचा फोटू बाजूले. मी दिग्रसवरून येतो पाहाले. (मी इकून टाक म्हणलो होतो ते वापस घेतो, पन कापसाचं वापस घेत नाई.)

वर्धेची_लेक

फोटोखाली ‘स्टोकर’ असं नक्की लिहा. नुसतं ‘नौदलात होते’ नको.

पांदणरस्ता

सगळ्यांना धन्यवाद. खबर देतो.

आरसीचं काम आठवडाभर चाललं, तीन चकरा झाल्या. भंगारवाल्याला बाकीची गाडी दिली. वजन करताना आई काट्यासमोर उभी होती, त्यानं एक किलोही मारला नाही. टाकी घरी आहे. गॅरेजवाल्या भाऊंनी सांगितलं तसं नट-बोल्ट टाकून हलवली, अर्धा डबा तांबडं पाणी निघालं. आईनं ते उकिरड्यावर टाकू दिलं नाही, तुळशीपाशी ओतू लागली होती. डिझेल आहे म्हणून कसंबसं थांबवलं. शेवटी बांधावर खड्डा करून ओतलं.

शाळेचे हेडमास्तर हो म्हणाले. मोठेबाबांचा गणवेशातला एकच फोटो आहे, तो यवतमाळला मोठा करायला दिलाय.

कारंजा_गॅरेज

टाकी गळते का? पानी भरून पाहालं?

पांदणरस्ता

पाहिलं. खालच्या शिवणीवर दोन ठिकाणी थेंब येतो. वेल्डिंगवाल्याकडं नेली तर तो म्हणाला, पत्रा पातळ झालाय, आच दिली की भोक मोठं होईल.

खारा_वारा

आच देऊ नका. आतून एपॉक्सी लावता येतं. आणि शाळेत खिडकीजवळ ठेवू नका, पावसाचं पाणी लागेल. दर दिवाळीला एक हात तेल.

पांदणरस्ता

ठीक आहे काका. तेलाचं हेडमास्तरांना सांगतो, पण त्यांची जूनमध्ये बदली आहे. मीच जात जाईन.